दिवाळीनंतर स्वराज द्वीप : समुद्राला लागून असलेले रिसॉर्ट घ्यावे की राधानगरच्या बाजूचे?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सप्रेम नमस्कार.

भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी निघून अंदमानला जावे, असा आमचा बेत आहे. आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण आहोत. दरवर्षी गगनबावड्याचा घाट उतरून मालवण, तारकर्ली, देवबाग असा फेरा होतोच, त्यामुळे समुद्र आम्हाला नवा नाही. मात्र एकाच रिसॉर्टमध्ये सलग चार रात्री, कसलीही धावाधाव न करता, पाण्याच्या काठी राहण्याचा योग कधी आला नाही आणि यंदा नेमके तेच करायचे आहे.

येथील एका पर्यटन कंपनीने स्वराज द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरील, दोन ठिकाणे सुचवली आहेत. पहिले पूर्व किनाऱ्यावर विजयनगरच्या बाजूला असून छायाचित्रात कॉटेजची पायरी, माडाची दोन झाडे आणि लगेच पलीकडे हिरवेनिळे पाणी असे दृश्य दिसते. दुसरे राधानगर किनाऱ्याजवळ आहे. त्याचा दर जवळजवळ दीडपट आहे, खोलीतून समुद्र दिसत नाही आणि किनाऱ्यावर पोहोचण्यासाठी झाडीतून थोडे चालावे लागते. साहजिकच आमचा कल पहिल्याकडे आहे. तरीही पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटले.

सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या माळकरी आहेत. कांदा-लसूण चालतो, परंतु मासळीच्या भांड्यात शिजलेले चालत नाही. यजमान पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेले असून समुद्रात भरपूर पोहायचे, हा त्यांचा एकमेव हट्ट आहे. मुलीला स्कूबा, म्हणजे श्वसनाचे यंत्र लावून पाण्याखाली उतरणे, करायचे आहे. या सर्वांचा विचार करता कोणते ठिकाण योग्य ठरेल?

उधाण

नमस्कार. दोन्ही बाजूंना राहिलेलो असल्याने लिहितो. ते छायाचित्र खोटे नसावे, पण ते भरतीच्या वेळी घेतलेले आहे, एवढे मी न पाहताही सांगू शकतो.

स्वराज द्वीपाचा पूर्व किनारा उथळ आहे. विजयनगर आणि गोविंदनगर या पट्ट्यात ओहोटी लागली की पाणी पुष्कळ आत सरकते आणि त्याखालचे खडक, मृत प्रवाळाचे तुकडे, मध्ये मध्ये साचलेली डबकी उघडी पडतात. देखावा म्हणून तेही सुंदर असते. मुले तासन् तास खेकडे पाहत रमतात. परंतु त्यात पोहता येत नाही आणि अनवाणी चालणे तर मुळीच करू नये, कारण प्रवाळाने तळपाय कापला की ती जखम खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही. म्हणजे खोलीपासून पाच पावलांवर समुद्र असूनही दिवसातील बराच काळ तो तुमच्या उपयोगाचा नसतो.

आता तुमच्या तारखांकडे पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते आणि अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाचा जोर सर्वाधिक असतो, हे मालवणच्या कोणत्याही होडीवाल्याला विचारलेत तरी तो सांगेल. तुम्ही भाऊबीजेनंतर, म्हणजे नेमक्या त्याच सुमारास पोहोचणार. उधाणात भरती जशी जास्त चढते, तशीच ओहोटीही जास्त उतरते. अंदमानात हा फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो. उभ्या कड्याला दोन मीटर म्हणजे काहीच नाही, पण ताटासारख्या सपाट किनाऱ्यावर तेवढ्याने पाणी शेकडो फूट दूर जाते. तुम्हाला एकादशीपर्यंत थांबणे शक्य असते, तर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असण्याच्या, दिवसांत हाच किनारा बराच सौम्य वाटला असता.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब मात्र तिकडे लावू नये. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. रिसॉर्टला तुमच्या चारही दिवसांचे भरती-ओहोटीचे कोष्टक मागावे; तेथे डायव्हिंगची केंद्रे असल्याने ते सर्वांजवळ असते आणि जो देण्यास टाळाटाळ करील, त्याच्याविषयी काय समजायचे ते समजावे. दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही लक्षात ठेवले की दिवसाची आखणी करता येते.

राधानगरचा किनारा पश्चिमेकडे आहे. तेथे लांबच लांब पांढरी वाळू असून पायाखाली खडक जवळजवळ नाहीत, उतार हळूहळू जातो, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, पाण्यात उतरता येते. २०२० साली त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, तेव्हापासून कपडे बदलण्याच्या खोल्या, स्वच्छतागृहे आणि जीवरक्षक यांची व्यवस्था नीट झाली आहे. दीडपट दर मुख्यतः या वाळूचा आहे. यजमानांचा हट्ट हाच निकष मानायचा असेल, तर प्रश्न तेथेच मिटतो.

एक गोष्ट मात्र पूर्व किनाऱ्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. अमावास्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री समुद्रातील सूक्ष्म जीव चमकतात. वल्हे पाण्यात मारले की निळसर ठिणग्या उडाव्यात तसा प्रकाश उमटतो. त्यासाठी रात्री कयाकमधून नेतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात ते फारसे दिसत नाही. दिवाळीचा हा एक फायदा.

करवीर_ते_कन्याकुमारी

वरील प्रतिसादातील भरती-ओहोटीचे विवेचन मान्य आहे, परंतु माझी हरकत मुळात तारखांनाच आहे.

आपल्याकडे दिवाळीत पाऊस संपलेला असतो, म्हणून अंदमानातही तो संपला असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच पोहोचतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येकडचे वारे सुरू होतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चांगला पाऊस पडतो. शिवाय बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा हाच हंगाम असून त्यांपैकी बरीचशी अंदमानच्या आसपासच्या समुद्रातच आकार घेतात. डिसेंबर २०१६मध्ये अशाच वादळी हवामानामुळे बोटी बंद पडून शेकडो पर्यटक स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. दरवर्षी असे होते, असे माझे म्हणणे नाही. परंतु चार रात्री पाण्याकाठी बसण्यासाठीच जायचे असेल आणि त्यांपैकी दोन दिवस पडवीत बसून पाऊस पाहावा लागला, तर ते सुख आपल्याला आंबा घाटात फार कमी पैशांत मिळते.

जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ असते. मुले अद्याप प्राथमिक व माध्यमिकच्या खालच्या वर्गांत आहेत. आठवडाभर शाळा बुडाली तरी आकाश कोसळणार नाही.

दिवाळीतच जायचे ठरले, तर प्रवासाची आखणी तरी सैल ठेवावी. कोल्हापूरहून अंदमानला थेट विमान नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावरून किंवा बेळगावहून बंगळूर, हैदराबाद असे कोठेतरी जाऊन विमान बदलावे लागते. तेथून पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४पासूनचे श्रीविजयपुरम, आणि पुढे बोट. खासगी बोटीला साधारण दीड ते अडीच तास लागतात, सरकारी बोट स्वस्त पण संथ असते आणि अंधार पडल्यावर बोट मिळेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र श्रीविजयपुरममध्येच काढावी. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान चुकत नाही, आणि सगळे सुरळीत पार पडले तर सेल्युलर जेल निवांत पाहून होते. सावरकरांची कोठडी मुलांना दाखवायची असेल, तर ती घाईघाईत दाखवण्यात अर्थ नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ते छायाचित्र पुन्हा पाहिले. पाणी अगदी माडाच्या बुंध्यापर्यंत आलेले आहे, त्यामुळे ‘उधाण’ यांचे म्हणणे पटले. सुट्टीच्या बाबतीत मात्र आमचा नाइलाज आहे, कारण यजमानांच्या गुळाच्या व्यवसायामुळे जानेवारीत हंगाम ऐन भरात असतो आणि तेव्हा त्यांना घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे दिवाळीच. आता राधानगरच्या बाजूला राहिल्यास सासूबाईंची गैरसोय होईल का आणि जेवणाचे काय, एवढेच विचारायचे आहे.

तुळशीवृंदावन

ताई, माझ्या आईला घेऊन आम्ही राधानगरच्या बाजूलाच राहिलो होतो, म्हणून सांगते.

राधानगर जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर लांब आहे आणि बाजार, औषधांची दुकाने, खानावळी जेट्टी व विजयनगरच्या बाजूला अधिक आहेत. त्यामुळे जेवणासाठी तुम्ही बहुतांशी रिसॉर्टवरच अवलंबून राहाल. दरपत्रकात ‘सीपी’ लिहिले असेल तर फक्त नाश्ता, ‘एमएपी’ असेल तर नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’ असेल तर तिन्ही वेळा, असा त्याचा अर्थ असतो. तुम्ही किमान एमएपी घ्या. माळकरी व्यक्तीसाठी वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक हवा, हे तोंडी न सांगता ईमेलने कळवा आणि त्याचे उत्तर छापून बरोबर न्या. बेटावरील बरीच वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची आहे. त्यामुळे मासळी-भात हेच तेथील रोजचे जेवण आहे आणि शुद्ध शाकाहारी म्हणजे नेमके काय, हे एकदा समजावून सांगावे लागते. आमच्या आईने पहिल्या दिवशी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी यांवर भागवले. दुसऱ्या दिवसापासून आचाऱ्याने तिच्यासाठी स्वतंत्र कढई काढली.

गुडघ्यांसाठी कॉटेजला पायऱ्या किती आहेत, ते विचारा. दमट जमीन आणि किडे यांमुळे तेथील बऱ्याच खोल्या खांबांवर उचललेल्या असतात आणि सहा-सात लाकडी पायऱ्या ओल्या झाल्या की घसरड्या होतात. बोटीत चढताना फळीवरून जावे लागते, तेथे खलाशी हात देतात. बोट लागत असल्यास त्यावरील गोळी डॉक्टरांना विचारून अगोदरच घ्या, कारण मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आणि संध्याकाळी वाळूत बसताना पाय झाका. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या बारीक माश्या चावतात आणि ती खाज आठवडाभर पुरते.

सूर्यास्ताची वेळही लक्षात घ्या. अंदमान आपल्यापेक्षा इतके पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच असल्याने नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कोल्हापूरपेक्षा तासाभराहून अधिक आधी. दुपारी जेवून साडेचारपर्यंत झोपण्याची आपली सवय तेथे उपयोगाची नाही. याउलट पहाटे साडेपाचला लख्ख उजाडलेले असते. सासूबाईंचा हरिपाठ किनाऱ्यावर सुखाने होईल.

उधाण

यजमानांच्या पोहण्याविषयी थोडे लिहायचे राहिले होते.

पंचगंगेत पट्टीचा पोहणारा समुद्रात अधिक बेसावध असतो, असे माझे निरीक्षण आहे. नदीचा ओघ कोणत्या दिशेला आहे, हे काठावरून दिसते. समुद्रात लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाते आणि तो पट्टा आजूबाजूच्या फेसाळ पाण्यापेक्षा शांत दिसतो, कारण तेथे लाटा फुटत नाहीत. नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. पाण्याची तशी ओढ लागलीच, तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे. राधानगरला जीवरक्षकांनी झेंडे लावून हद्द आखलेली असते. तिच्या बाहेर जाऊ नये. अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये आणि ओढ्याच्या मुखाजवळ तर दिवसाही नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१०मध्ये राधानगरला लागून असलेल्या नील्स कोव्ह येथे एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. इशाऱ्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

मुलांना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे गोळा करू देऊ नका. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते काढून घेतात. त्या वेळी मुलाची समजूत घालणे हे चार दिवसांतील सर्वांत अवघड काम ठरते.

मुलीच्या स्कूबासाठी साधारणपणे दहा वर्षे पूर्ण असण्याची अट असते, त्यामुळे तिला अडचण येऊ नये; दमा किंवा कानाचा त्रास असल्यास मात्र डॉक्टरांची परवानगी लागते. सात वर्षांच्या मुलाला नळी लावून उथळ पाण्यात पाहणे पुरेसे आहे. डायव्हिंगची बहुतेक केंद्रे पूर्व किनाऱ्यावर असल्याने त्या दिवशी सकाळी गाडी ठरवावी लागेल. हा कार्यक्रम पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. एका डायव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान बारा तास आणि एकाहून अधिक डायव्ह केल्यास अठरा तास जाऊ द्यावे लागतात, शिवाय हवामान बिघडून तो दिवस वाया गेला, तर हाताशी दुसरा दिवस शिल्लक राहतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

राधानगरच्या बाजूचे रिसॉर्ट नक्की केले. चारऐवजी तीन रात्री तेथे आणि शेवटची रात्र श्रीविजयपुरममध्ये, असा बदल कंपनीने मान्य केला असून वादळामुळे बोट रद्द झाल्यास तेथील भाड्याचे काय होणार, हे लेखी मागितले आहे. ते अद्याप आलेले नाही. ते हातात पडेपर्यंत आगाऊ रकमेचा धनादेश द्यायचा नाही, असे सासूबाईंनी बजावले आहे.