मदत हवी आहे: नऊ वर्षांनी अकाउंट्सच्या नोकरीत परत जाऊ का?

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

२०१६ पर्यंत मी भोसरीत एका छोट्या कारखान्याचे अकाउंट्स बघायचे. मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांचीच होती (२६ झाली ती २०१७ पासून). तीन महिन्यांचं बाळ कुठे ठेवणार? "वर्षभराने बघू" म्हणून नोकरी सोडली. मग धाकटा झाला. आता मुलगी चौथीत, सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. धाकटा मोठ्या शिशुत, तो बाराला. नवऱ्याला चाकणला शिफ्ट. सासूबाई यायला तयार आहेत, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे गेलेले.

गेल्या आठवड्यात ओळखीतून चिंचवडच्या एका सीएंच्या ऑफिसात जाऊन आले. त्यांनी सरळ कॉम्प्युटरपुढे बसवलं, म्हणाले, हे खरेदीचं बिल टाका. टॅलीचा (हिशोबाचं सॉफ्टवेअर) चेहरामोहरा पार बदललाय, पण बोट आपोआप एफ-९ वर गेलं आणि खरेदीचं व्हाउचर उघडलं. इतकं बरं वाटलं! पुढच्याच मिनिटाला त्यांनी विचारलं, "टू-बी जुळवता येतं ना?" मी गप्प. (टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर येणारी आपल्या खरेदीच्या बिलांची यादी.) मी सोडली तेव्हा व्हॅट होता, एक्साइज होती, सी-फॉर्मसाठी (परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लागावा म्हणून गिऱ्हाइकाने द्यायचा फॉर्म) पार्ट्यांच्या मागे लागायचो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी वरणभात कालवत होते. तरी ते म्हणाले, महिन्याभरात शिकाल, १ तारखेपासून या. पगार २०,०००. वेळ साडेनऊ ते सहा. ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्न भरायची असल्यामुळे उशीर.

रात्री वहीत मांडलं. दोघांचं पाळणाघर ९,५००, शाळेतून तिथे सोडायला रिक्षाकाका २,०००, पोळ्यांच्या मावशी २,५००, माझं जाणं-येणं १,५००. उरले ४,५००. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी?" टोमणा नव्हता, पण तेव्हापासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये.

कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला म्हणतोय, घरी बसून माझी बिलं टाका, महिन्याला २,००० देतो. पण असं घरचं काम पुढे कुणी अनुभव म्हणून धरतं का? आणि टू-बी घरच्या घरी शिकता येईल का? ज्या परत गेल्यात त्यांनी सांगा, प्लीज.

खमंग_थालीपीठ: टू-बीला काय घाबरायचं! पुरवठादारांनी भरलेली बिलं १४ तारखेला पोर्टलवर येतात, ती आपल्या खरेदीशी ताडायची, जुळत नाहीत त्यांना फोन लावायचा. म्हणजे तुमचं सी-फॉर्मचंच काम, फक्त पार्टी आता व्हॉट्सअ‍ॅपवर टाळाटाळ करते. हार्डवेअरवाल्याचं काम धराच, त्याच्याच बिलांवर हात बसेल.

जुनी_खातेवही: मुलं दोघांची, मग पाळणाघर तुमच्या एकटीच्या पगारातून का वजा केलंत? दोघांच्या पगाराच्या बेरजेतून करा आणि वही नवऱ्याला दाखवा. दुसरं, जूनमध्ये मुलगी पाचवीत जाईल. आमच्या शाळेत पाचवीपासून दुपारची शाळा. तुमच्याकडेही तसं असेल तर सकाळी ती घरी आणि दुपारी धाकटा, सगळं गणित उलटंपालटं. १ तारखेला हो म्हणण्याआधी शाळेत विचारून घ्या. माझी याच्यातच फसगत झाली होती, एप्रिलमध्ये रुजू झाले आणि जूनमध्ये रडकुंडीला आले.

धागाकर्ती: अगं बाई, पाचवीचं लक्षातच आलं नाही! उद्या धाकट्याला आणायला जाईन तेव्हा ऑफिसात विचारते. आणि सीएंना फोन करून बघते, जूनपर्यंत दहा ते तीन चालेल का म्हणून. पगार कमी केला तरी चालेल, पण ११ आणि २० ला थांबायची तयारी आहे हे आधीच सांगेन. त्या दिवशी नवऱ्याची पहिली शिफ्ट असली म्हणजे मिळवली.