पोटात टिकणारं खाणं: अनुभव लिहा

कृष्णाकाठ: 'सटायटी' हा इंग्रजी शब्द वाचला आणि सुगीतली शेतावरची न्याहारी आठवली. शाळूची भाकरी, हुलग्याचं कालवण. दिवे लागेपर्यंत भुकेचं नाव नसायचं. तुमच्याकडे काय टिकतं? प्रमाणासकट लिहा.

मिरजकर: शब्द दोन आहेत. जेवताना 'आता बास' वाटतं ते सॅटिएशन, उठल्यावर पुढची भूक लांबवते ती सटायटी. चुरमुऱ्यांनी पहिलं मिळतं, दुसरं नाही. जठर ताणलं की मेंदूला लगेच कळतं. प्रथिनं, चरबी लहान आतड्यात पोचल्यावर सुटणारी संप्रेरकं मागून येतात. म्हणून भराभर जेवलं की जास्त जातं.

जतची माणदेशी: हुलग्याचं माडगं!! माणशी दोन चमचे पीठ, दीड वाटी पाणी, गूळ, मीठ, सुंठ. पीठ गार पाण्यात कालवून मगच उकळीत ओता. कोरडं टाकलं की वरचा थर लगेच शिजतो, आत पीठ तसंच, गुठळ्या. हुलगे भाजूनच दळा, नाहीतर उग्र लागतं.

वाईची सून: ताई, ताक कधी घालायचं?

जतची माणदेशी: मग गूळ नको. उतरवून कोमट झाल्यावर ताक घाल गं, उकळीत फाटतं.

चुलीवरची: भाकरी चिरते त्यांच्यासाठी. दळण जुनं झालं की पिठाची विरी (चिकटपणा) जाते, ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नसतंच. उकळतं आधण पिठात ओता, पाच मिनिटं झाका, मग तळव्याने रगडून मळा, एका वेळी एकाच भाकरीचं. तव्यावर पिठाची बाजू वर ठेवून लगेच पाणी फिरवा, ते सुकत आलं की उलटा. उशीर झाला की तडे जातात, वाफ निसटते, फुगत नाही. घाई आली की सगळ्यांचं इथंच बिघडतं

मिरजकर: १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकी २४० कॅलरी, पोट किती भरलेलं वाटतं याची दोन तास नोंद. पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३, क्रोसाँ ४७.

खटावकर: दादा मग वडापाव खाऊन लगेच भूक का?

मिरजकर: बटाटा तळल्यावर गणित बदलतं. त्याच यादीत फ्रेंच फ्राईज ११६.

वाईची सून: चांगला शाळू कधी भरायचा?

जतची माणदेशी: फेब्रुवारी-मार्चात, सुगी झाली की. मालदांडी वाण माग. उन्हात वाळवून मगच डब्यात भर, ओल राहिली की किडतो

चुलीवरची: कडुलिंबाचा पाला पण टाक, वाळलेला.