नदी डोंगरात शिरते ती जागा, बाहेर पडते ती जागा

भटक्या: बेल्जियममधल्या लेस नदीवर लिहितोय. लहानशी नदी, सुमारे 89 किलोमीटरची. ओशाँ गावाजवळ आर्देनच्या पठारावर उगम पावते आणि दिनाँच्या दक्षिणेला, आँसरेमपाशी म्यूझला मिळते. अडलंय मधल्या भागात. बेल्वोजवळ ती चुनखडीच्या डोंगरात शिरते आणि पलीकडे आं-स्युर-लेसच्या गुहेतून बाहेर येते (नकाशावर 'हान' दिसेल, तिथे ह उच्चारत नाहीत). या दोन जागांना मराठीत काय म्हणावं? दुसरीला 'उगम' म्हणवत नाही, तो ओशाँलाच झाला.

गाळपेर: दुसरीला 'उमाळा' घ्या की. जमिनीतून पाणी उसळून येतं तो उमाळा. मनाचा उमाळा हा त्याचाच लाक्षणिक अर्थ.

भटक्या: शब्द फार आवडला, पण चित्र जुळत नाही. उमाळ्याचं पाणी खालून वर येतं. लेस गुहेच्या तोंडातून आडवी, संथ बाहेर पडते. पर्यटक पूर्वी गुहेतून होडीत बसूनच बाहेर यायचे.

काळा कातळ: बोलीभाषेत नेमका शब्द मिळणं कठीण, कारण आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, त्यात चुनखडी विरघळते आणि भेगांची भुयारं होतात. बेसाल्टात असं होत नाही. मग उरतात पाठ्यपुस्तकी शब्द. गुहेत छतापासून लोंबणारा तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वाढणारा तो ऊर्ध्वमुखी. (यातलं लवण म्हणजे क्षार. मुलं हमखास मीठ समजतात.)

परदेशस्थ: तिथले लोक कुठे एवढं अवघड बोलतात? बेल्वोची जागा 'गुफ्र', म्हणजे खोल गर्ता. बाहेर पडायची जागा 'त्रू', सरळसरळ भोक! भूगोलाच्या लिखाणात पहिलीला 'पेर्त' म्हणतात, म्हणजे हरवणं.

गाळपेर: मग 'लुप्त होते' चालेल?

काळा कातळ: लुप्त म्हणजे नाहीशी झालेली. प्रयागची सरस्वती 'गुप्त' म्हणतात, ती दडलेली पण वाहती. लेसला तेच लागू पडतं.

भटक्या: पटलं. पण नामं करत बसत नाही. 'बेल्वोपाशी लेस गुप्त होते, आं-स्युर-लेसला गुहेतून बाहेर पडते' एवढंच लिहितो. आता एकच राहिलं. डोंगराला वळसा घालून जाणारी तिची मूळ वाट, शावे, आता एरवी कोरडी असते. 'मृत पात्र' म्हणू?

काळा कातळ: मृत कशाला? मोठ्या पुरात भुयारात पाणी मावेनासं झालं की उरलेलं तिकडूनच वाहतं. 'जुनं पात्र' म्हणा.