सिगारचा कस नेमका कशावरून ठरवावा?

निपाणीकर:
नमस्कार. माझ्या वडिलांनी निपाणीच्या एका वखारीत चाळीस वर्षे तंबाखू पारखण्याचे काम केले. मूठभर जर्दा तळहातावर चोळून नाकाशी नेला की मालाचे तेज, म्हणजे त्याचा कडकपणा, त्यांना कळत असे, आणि त्यांच्यासोबत राहून मलाही त्यातले थोडे समजू लागले. गेल्या दिवाळीत भाच्याने दुबईहून हाताने वळलेले पाच उंची सिगार आणून दिले. ते कपाटात ठेवून मे महिन्यात पहिला पेटवला, तर तो एकाच बाजूने जळत गेला आणि निम्म्यावर इतका कडू झाला की विझवून ठेवावा लागला. आपल्या बिडीचा ठसका तर त्यात अजिबात नव्हता. माल हलका आहे, की माझी पारख चुकते आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

टिळकवाडी, बेळगाव:
मालाला दोष देण्याआधी तो कसा ठेवला होता ते पाहावे लागेल. सिगार साधारण 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवायचा असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात तो वाळतो, आणि वाळलेले पान भराभर जळून धूर तापतो व कडू लागतो. पेटवण्यापूर्वी सिगार दोन बोटांत धरून हलकेच दाबावा. करकर वाजला तर तो वाळला आहे, दबून पुन्हा फुगला तर ओल ठीक आहे. एखादी जागा पोकळ लागली तर तिथे भरणा कमी पडला आहे, आणि गाठ लागली तर धूर तिथे अडणार. मग तोंडात धरायचे टोक जेमतेम दोन मिलिमीटर कापून न पेटवताच एक झुरका ओढून पाहावा. हवा सहज यायला हवी, आणि त्या वेळी जिभेवर गवताची, लाकडाची किंवा मनुक्यांसारखी जी चव येते, तीही लक्षात ठेवावी. पेटवताना ज्योत थोडी दूर धरून दुसरे टोक सगळीकडून सारखे निखारू द्यावे. तुमचा सिगार एका बाजूने जळाला त्याचे कारण बहुधा इथेच आहे. पुढे मिनिटाला एक झुरका पुरे. धूर छातीत न ओढता तोंडात घोळवून सोडावा; त्यातला थोडा नाकावाटे सोडला तर बारकावे कळतात. सुरुवातीची, मधली आणि शेवटची चव वेगवेगळी पारखावी, कारण चांगल्या सिगारची चव पालटत जाते, जोरही वाढत जातो, पण ती कडवट होत नाही.

चिकोडीचा शेतकरी:
ठसक्याबद्दल थोडे सांगतो. आपण तंबाखूच्या झाडाचा शेंडा खुडतो, फुटवे काढतो, तेव्हा पानात तेज उतरते. क्युबातही झाडाच्या वरच्या, भरपूर ऊन खाल्लेल्या पानांना, ज्यांना तिकडे लिहेरो म्हणतात, सर्वांत जास्त जोर असतो. ही पाने भरण्यात किती घालायची हे आधीच ठरवलेले असते, त्यामुळे सौम्य सिगार म्हणजे हलका माल नव्हे, आणि बाहेरचे पान काळपट दिसले म्हणून सिगार कडकच असतो असेही नाही. कच्चेपणा मात्र वासावर ओळखावा. पाने ढिगात नीट आंबवलेली नसतील तर अमोनियाचा उग्र दर्प येतो, आणि तो नावाजलेल्या मालातही लपत नाही.

खानापूर:
गुण द्यायचे असतील तर सिगारवरची कागदी पट्टी दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यावी, कारण नाव दिसले की जीभ निष्पक्ष राहत नाही. शिवाय धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका असतोच, तेव्हा पाचही संपवण्याचा आग्रह धरू नये.

निपाणीकर:
सर्वांचे मनापासून आभार. उरलेले चारही सिगार दाबून पाहिले, चारही करकरतात. ओलसर स्पंज ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, स्पंज त्यांना लागणार नाही असे ते ठेवले आहेत आणि काही आठवडे हात लावणार नाही. विझवून ठेवलेला अर्धा सिगार काल वडिलांपुढे उकलला. आत भुगा नव्हता, लांबच लांब पाने दुमडून भरली होती. त्यांनी एक पान तळहातावर चोळले, बराच वेळ नाकाशी धरले आणि म्हणाले, "पान चांगले मुरलेले आहे. फक्त ओल गेली आहे."