प्लेअर 6,214 गाण्यांवरच अडकतोय, रविवारच्या आत मदत हवी आहे

वसमतची_हळद
नमस्कार मंडळी. लै वैतागून लिहायलोय. नवीन घेतलेला म्युझिक प्लेअर गाणी स्कॅन करताना दर वेळी 6,214 वर येऊन थांबतो. आकडा तिथंच, चकरी गरगर फिरत राहते, मागची बाजू तव्यासारखी तापते आणि वीसेक मिनिटांनी गडी आपोआप बंद होऊन परत सुरू होतो. परत पहिल्यापासून एक, दोन, तीन. तीन दिवस हेच चाललंय. रीसेट मारून झालं, मेमरी कार्ड काढून घालून झालं. रविवारी घरी कार्यक्रम आहे, त्याच्या आत वाजायला पाहिजे. कुणाला असं झालंय का? लवकर सांगा.

गल्लीबोळ
कोणता प्लेअर? कार्ड केवढं? गाणी कसली? डॉक्टरकडे जाऊन "दुखायलंय" म्हणायचं आणि गप्प बसायचं, तसं झालं हे.

वसमतची_हळद
कंपनीचं नाव मुद्दाम टाकलं नाही. नाव आलं की पन्नास प्रतिसाद त्याच्यावरच पडतात. अँड्रॉइड नाही, कंपनीची स्वतःची सिस्टीम आहे. इयरफोनची 3.5 आणि 4.4 मिलीमीटर अशी दोन्ही भोकं आहेत. नवीन म्हणजे मला नवीन, एका गड्याकडून जुना घेतला, हळदीचे पैसे आले तेव्हा. कार्ड 512 जीबी.

कानसेन
कार्ड डुप्लिकेट आहे, लिहून ठेवा. असल्या कार्डात आत खरी जागा 64 जीबी असते आणि ते कॉम्प्युटरला 512 सांगतं. कॉपी करताना काही कळत नाही. जागा संपली की नंतरच्या फायली हवेत जातात. नाव दिसतं, साईज दिसते, आत काही नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. कार्ड रिकामं करून तो चालवा. पूर्ण कार्ड भरून परत वाचतो, मग दूध का दूध.

वसमतची_हळद
दुकानातून घेतलंय, पक्की पावती आहे.

कानसेन
पावती पक्की, कार्ड कच्चं. होतं असं.

फोन_बास_झाला
मुळात हे डबडं घ्यायचंच कशाला? फोन आहे ना खिशात? त्याला छोटं डोंगल लावा, वायरचे इयरफोन लावा, झालं. डोळे बांधून ऐकवलं तर दहातल्या नऊ जणांना फरक सांगता यायचा नाही. तेवढ्या पैशात एकरभर ठिबक झालं असतं.

कानसेन
ठिबकवर गाणी वाजत नसतात. मोठ्या हेडफोनला ताकद लागते, 300 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) हेडफोन तुमच्या डोंगलवर कुंथतो. वर फोन म्हटला की मधेच कुणाचा तरी कॉल. सोनीने 2016 ला सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या बॉडीचा वॉकमन काढला, पाऊण पाव कमी अर्धा किलोचा. ते लोक काय वेडे आहेत?

फोन_बास_झाला
घेणारे नाहीत असं कुठं म्हणालो. पाऊण पाव कमी अर्धा किलो म्हणजे तीनशेच ग्रॅम झाले, आणि तो 455 ग्रॅमचा आहे. आधी वजन तरी नीट सांगा.

कानसेन
बरं, 455. खिशाला भोक पाडायला तेवढं पुरतं.

परभणी_पॅसेंजर
जगात जर्मनी, भारतात परभणी. इयरफोन घेताना आधी ओहम बघायचे, 16 ते 32 चा असेल तर गेन, म्हणजे आवाजाला किती जोर द्यायचा ते सेटिंग, लो वर ठेवायचा. मी हाय वर ठेवला होता, कानात सतत सूं सूं. महिनाभर वाटलं, कानाला काहीतरी झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मळ काढून दिला. सूं सूं तशीच. शेवटी पुतणीने सेटिंग बदललं.

वसमतची_हळद
अहो पॅसेंजर, इयरफोनचं मी विचारलंच नाही.

तांबडा_मुरूम
मॅकवरून कॉपी केलंय का? मॅक एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर प्रत्येक गाण्यासोबत टिंब-अंडरस्कोरने सुरू होणारी छोटीशी लपलेली फाईल टाकून ठेवतं. नाव गाण्याचंच, पुढं .फ्लॅक (दर्जा न घटवता गाणं साठवायचा फाईलचा प्रकार) पण असतं. प्लेअरला वाटतं गाणं आहे, उघडायला जातो आणि आपटतो. मी दोन आठवडे डोकं फोडलं होतं.

वसमतची_हळद
मॅक नाही हो, साधा विंडोजचा लॅपटॉप. ती टेस्ट लावली रात्री. मधे लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, परत पहिल्यापासून. आत्ता संपली. एकही एरर नाही. कार्ड खरं आहे. कानसेन, माफी मागा दुकानदाराची.

कानसेन
दुकानदार इथं नाही, तुमचीच मागतो.

जुनी_रीळ
जरा शांतपणे घेऊ. दर वेळी एकाच आकड्यावर थांबतो म्हणजे कार्ड नाही, प्लेअर नाही, एखादी फाईल आहे. पण लॅपटॉपवर नावाने लावून 6,215 वी शोधाल तर ती सापडणार नाही. बरेच प्लेअर नावाच्या क्रमाने जात नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झालं त्या क्रमाने जातात. तेव्हा अर्धे फोल्डर काढा, स्कॅन करा. पूर्ण झालं तर चोर दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे परत दोन भाग. सात-आठ वेळांत सापडतो. आणि सांगा, सगळ्यात शेवटी काय कॉपी केलं होतं?

वसमतची_हळद
शेवटी "आबा कॅसेट" फोल्डर. तो काढला की 6,214 वर स्कॅन नीट पूर्ण होतं! पण रविवारी तोच तर लागतो. आबांचं वर्षश्राद्ध आहे, भजनी मंडळाची मंडळी येणार आहेत, त्यांचेच आवाज आहेत त्यात.

गल्लीबोळ
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं दादा.

वसमतची_हळद
मला वाटलं त्याचा काय संबंध. 38 कॅसेटी आहेत. एकादशीच्या भजनाच्या, दोन-तीन आकाशवाणी परभणीवरून टेप केलेल्या, एकीवर शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर. लॅपटॉपला टेप जोडून 24 बिट 96 किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदीने, घेतल्या आणि फ्लॅक केल्या. एक अभंग एक फाईल, सगळ्या मिळून 427.

फोन_बास_झाला
कॅसेट 24 बिटमध्ये?? पट्टा सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकतो, बरीशी कॅसेट फार तर 60 डेसिबलची रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) देते. 16 बिटला 96 डेसिबल मिळतात. तुम्ही वरची सगळी जागा खरखर साठवायला वापरलीत. खरखर मात्र हाय-रिझोल्यूशन आहे, अभिनंदन.

कानसेन
रेकॉर्ड करताना 24 घेतात ते लेव्हल चुकली तरी सावरता यावं म्हणून. मागून 16 करता येतं. बोलायचं म्हणून बोलू नका.

जुनी_रीळ
दोघंही बरोबर, पण त्याने स्कॅन अडकत नाही.
कॅसेटवरून आठवलं म्हणून, अवांतर: रेकॉर्ड करण्याआधी टेपच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू बघितला होता का? घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट दुसऱ्या टेपवर लावली की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, कारण दोन्ही हेडचा कोन वेगळा. बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा, कान टाळांकडे ठेवायचा. एका जागी टाळ एकदम उघडतात, झणकन. तिथं थांबायचं. आणि खिडकीच्या मागे पत्र्यावर चिकटवलेली छोटी गादी असते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो. ती पडलेली असेल तर पट्टा हेडला टेकतच नाही. मी पंधरा-वीस कॅसेटींच्या गाद्या मेलेल्या कॅसेटीतून काढून बसवल्यात.
आता मुद्द्याचं. त्या फायलींना फोटो जोडलाय का, कव्हरचा?

वसमतची_हळद
स्क्रूचं माहीत नव्हतं. आता 38 परत करू का काय? रविवारनंतर बघतो.
फोटो आहे. कॅसेटच्या डबीतलं कार्ड, आबांच्या अक्षरातलं, निळ्या शाईचं. पुतण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याने स्कॅन करून दिलं. प्रत्येक फाईलला जोडलंय.

जुनी_रीळ
साईज?

वसमतची_हळद
बघतो. एक एक 11 एमबीचा आहे. 4700 गुणिले 4700. पुतण्या म्हणायलाय, "काका, 1200 डीपीआयला केलं, एकदम क्लिअर."

जुनी_रीळ
सापडला चोर. फ्लॅकमध्ये फोटो 16 एमबीच्या आत असला की चालतो, म्हणून जोडताना कुणी तक्रार केली नाही. पण 11 एमबीची जेपीजी उघडली की मेमरीत ती 80-90 एमबी होते. लॅपटॉपला ते काहीच नाही. तुमच्या प्लेअरची मेमरी इवलीशी, तो पहिल्याच फोटोवर तोंडावर पडतो. एमपी-थ्री-टॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या 427 फायली एकदम निवडा, कव्हर काढा, त्याच स्कॅनची 600 गुणिले 600 ची कॉपी करून ती जोडा. मोठे स्कॅन वेगळ्या फोल्डरात लॅपटॉपवर ठेवा, ते अक्षर टाकून देऊ नका.

तांबडा_मुरूम
माझ्याकडे एकदा असाच पोस्टरएवढा फोटो... जाऊ द्या, रीळकाकांनी सांगितलंच.

वसमतची_हळद
झालं!!! 6,641 वर पूर्ण. चार मिनिटांत. प्लेअर गारच्या गार. आईला लावून दिलं, तिने पहिल्या अभंगालाच सांगितलं की मृदंग कुणाचा आहे आणि त्या रात्री चहाला दूध नव्हतं. रीळकाका, तुम्हाला साष्टांग.

फोन_बास_झाला
तोच फोल्डर फोनवर पहिल्या झटक्यात चालला असता, एवढंच म्हणतो.

परभणी_पॅसेंजर
हळददादा, आईला लो गेनच ठेवा.

वसमतची_हळद
ठेवलाय. आता एकच राहिलं. अभंगांची नावं मराठीत टाकलीत, प्लेअरवर नुसते चौकोन चौकोन दिसायलेत. इंग्रजी गाण्यांची नावं नीट येतात. हे कसं घालवायचं? रविवारच्या आत.

जुनी_रीळ
फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलसोबतच्या नाव-माहितीत, मराठी व्यवस्थित बसतं, तिकडं गडबड नाही. प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही. काही प्लेअरमध्ये फर्मवेअर (प्लेअरच्या आतली सिस्टीम) बदलून येतो, काहींत येतच नाही. ते मॉडेलवर आहे.

गल्लीबोळ
कोणता प्लेअर?