जुन्नर तालुक्यातील मुलांसाठी क्षेत्रभेट : गड दाखवावेत की नदी?

प्रश्न (पूर्व जुन्नरमधील शिक्षिका)

मी तालुक्याच्या पूर्व भागातील एका शाळेत सातवी-आठवीला इतिहास आणि भूगोल शिकवते. आमची सहल दरवर्षी शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर अशी एकाच दिवसात उरकली जाते. मुले पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, डबे खातात आणि परतीच्या वाटेवर झोपी जातात. दुसऱ्या दिवशी सहलीचे वर्णन लिहायला सांगितले, तर सगळ्या वह्यांत जवळपास एकच निबंध सापडतो. यंदा मुख्याध्यापकांनी नेहमीच्या सहलीऐवजी दोन स्वतंत्र क्षेत्रभेटींना मान्यता दिली आहे. चाळीसेक मुले आहेत, बहुतेक शेतकरी कुटुंबांतील. ऊस, कांदा आणि बिबट्या यांविषयी त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. स्थानिक इतिहास आणि निसर्ग यांची सांगड घालता येईल अशी ठिकाणे कोणती, तिथे कधी जावे आणि मुख्य म्हणजे मुलांनी तिथे नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (निवृत्त भूगोल शिक्षक)

मॅडम, ठिकाणांची यादी करण्याआधी एक सूत्र निवडावे असे मी सुचवेन, आणि आपल्या तालुक्यात ते आयतेच उपलब्ध आहे : कुकडी नदी. चावंड किल्ल्याच्या पलीकडे पूर गावात, शिलाहार राजा झंझाने बांधल्याचे मानले जाणाऱ्या कुकडेश्वराच्या मंदिरापाशी तिचा उगम सांगितला जातो. तिथून ती माणिकडोह आणि येडगाव या धरणांतून वाहत बोरीवरून पुढे निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत जाते. पश्चिमेला भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे, मध्ये ऊस आणि द्राक्षे, तर पूर्वेला अवर्षणप्रवण पारनेर. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून सांगण्यापेक्षा एसटीच्या खिडकीतून दिसलेली पिके मुलांना गावागणिक नोंदवू देणे केव्हाही चांगले.

पहिली भेट उगमाची आणि नाणेघाटाची असावी. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला येत असे. घाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडे कोरलेले आहेत, म्हणून गणिताच्या शिक्षकांनाही अवश्य सोबत न्यावे. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन, पण शंभरासाठी आणि हजारासाठी स्वतंत्र चिन्हे. शून्य नसताना मोठी संख्या कशी लिहीत असतील, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून आपण पंधरा मिनिटे गप्प राहावे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या आहेत, पण सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे अजून कोरलेली आहेत. नाव उरले आणि चेहरा गेला, या विषयावर आठवीची मुले काय लिहितात ते वाचण्यासारखे असते. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकात गोळा करीत, असे परंपरा सांगते. अशा विधानाला पुरावा कोणता, हेही मुलांनी विचारायला शिकले पाहिजे.

एक विनंती : अक्षरे उठून दिसावीत म्हणून लेखावर खडू किंवा पाणी कुणालाही लावू देऊ नये. विजेरीचा प्रकाश बाजूने तिरपा टाकला की अक्षरे आपोआप स्पष्ट होतात.

उत्तर 2 (शेतकरी व पालक, कुकडीकाठ)

सरांची कल्पना उत्तम आहे, परंतु उगम आणि निघोज एका दिवसात बसवण्याचा मोह टाळावा; नाहीतर पुन्हा तीच धावपळ होईल. दुसऱ्या भेटीसाठी बोरी आणि निघोज पुरेसे आहेत. बोरी बुद्रुकजवळ नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख आहे, आणि तिथे अश्मयुगीन दगडी हत्यारेही सापडली आहेत. ही राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. मात्र ती सुमारे 75,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. हा वाद मुलांपासून लपवू नये, कारण शास्त्रज्ञही भांडतात हे कळल्यावर त्यांचा विषयातला रस वाढतो. ती चिमूटभर राख बोटांवर चोळली तर पिठासारखी मऊ, तरी किंचित खरखरीत लागते, कारण ते काचेचे सूक्ष्म कण असतात. काठालगतची जमीन शेतकऱ्यांची आहे, त्यामुळे आधी विचारून जावे आणि थर उकरू नये.

निघोजला मात्र मला काळजी वाटते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकात, भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी घासून घासून हे खळगे पाडले आहेत. ते नीट दिसतात पाणी कमी असताना, पण वरच्या धरणातून आवर्तन सुटले की पाणी चढते आणि शेवाळलेला खडक साबणासारखा निसरडा होतो. आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याकडे चौकशी करावी आणि मुलांना कडेपासून लांबच बसवून रेखाचित्रे काढायला लावावीत. शिवाय आपल्या भागात बिबट्याचा वावर असल्याने अंधार पडण्यापूर्वी प्रत्येक मूल घरी पोहोचले पाहिजे. शेवटच्या थांब्यापासून वस्तीवर चालत जाणाऱ्या मुलांचा हिशोब त्यात धरावा.

उत्तर 3 (इतिहासाच्या शिक्षिका, ओतूर परिसर)

नाणेघाटाला पावसाळ्यात जाऊ नये. धुके आणि शनिवार-रविवारची गर्दी यांत लेख वाचणे अशक्य होते. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ मला योग्य वाटतो, आणि तोही आठवड्याच्या मधला दिवस. पुढेमागे लेणी दाखवायची झाल्यास मुलांना अत्तर लावून येऊ नका आणि कड्यांखाली आरडाओरडा करू नका, असे बजावावे, कारण आग्या मोहोळाचा धोका खरा असतो. खर्चाचे म्हणाल तर शैक्षणिक सहलीसाठी एसटी भाड्यात सवलत देते. आगारात अर्ज लवकर करावा. पालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी तर लागेलच.

मला एक भर घालावीशी वाटते. मुलांनी जाण्यापूर्वी घरातल्या आजी-आजोबांना धरणापूर्वीची कुकडी कशी होती, हे विचारून यावे : पाणी किती महिने वाहायचे, कोणते मासे मिळायचे, ऊस कधीपासून आला. इतिहास केवळ सातवाहनांचा नसतो, आणि ही माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नोव्हेंबरमध्ये उगम आणि नाणेघाट, तर फेब्रुवारीत बोरी आणि निघोज असे ठरवते. एकच शंका : चाळीस मुले नाणेघाटच्या लेण्यात एका वेळी नेली तर कुणालाच काही दिसणार नाही, मग उरलेल्यांना काय काम द्यावे?

उत्तर 1 (निवृत्त भूगोल शिक्षक)

दहा-दहाचे चार गट करावेत. एक गट लेण्यात, एक रांजणापाशी मापे घेत, एक पठारावर कडेपासून सुरक्षित अंतरावर शिक्षकांसह कोकणाचा नकाशा काढत, आणि चौथा झाडे व गवते नोंदवत. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशाच्या झेरॉक्स प्रती प्रत्येक गटाला द्याव्यात, आणि जीवधन किल्ला नेमका कोणत्या दिशेला आहे हे आधी त्यांनाच शोधू द्यावे.