हॉर्निमन सर्कलजवळचा मुंबई समाचार खरंच २०० वर्षं जुना आहे का?

गिरगावकर_बंड्या: परवा फोर्टात कामाला गेलेलो तेव्हा ती लाल बिल्डिंग दिसली. आमच्या चाळीत समोरच्या गुजराती काकी रोज मुंबई समाचार हा गुजराती पेपर घ्यायच्या आणि चष्मा लावून आधी मरणनोंधीचं पान उघडायच्या, त्यामुळे मला वाटायचं कोण गेलं ते कळायलाच हा पेपर असतो 😅 आता ऑफिसात एकजण बोलला की आशियातला सगळ्यात जुना चालू पेपर हाच. खरंय का? मग आपला मराठी एवढा जुना कसा नाही?

जुनं_फोर्ट: खरंय. १ जुलै १८२२ ला फर्दुनजी मर्झबान यांनी काढला. फक्त "२०० वर्षांचं दैनिक" म्हणू नका, आधी साप्ताहिक होतं, १८३२ ला आठवड्यातून दोनदा आणि रोजचा झाला १८५५ ला. गंमत बघा, हा माणूस पेपरच्या आधी गुजराती पंचांग छापायचा आणि पुढे पारश्यांच्यात शहेनशाही-कदमी अशा दोन कॅलेंडरांच्या तारखांवरूनच वाद पेटला त्यात ओढला गेला, शेवटी १८३२ ला पेपर सोडून दमणला निघून गेला!

खारेवारे: मराठीचं म्हणशील तर दर्पण आहे ना, बाळशास्त्री जांभेकरांचा, ६ जानेवारी १८३२, म्हणून तर त्या दिवशी पत्रकार दिन असतो. एका कॉलमात मराठी, बाजूला इंग्रजी. पण १८४० ला बंद पडला. माझं मत सांगतो, दर्पण लोकांना शहाणं करायला निघालेला आणि समाचारात जहाज कधी लागलं, कुठल्या मालाचा काय भाव, कुठलं घर विकायला काढलंय असलं असायचं. बेटावरच्या व्यापाऱ्याला सकाळी तेच लागतं, विचार काय संध्याकाळी पण चालतात.

ताई_ठाकूरद्वार: एवढं पण नाही हां खारेवारे, विचारांवर चाललेले पण आहेत. आमच्या गिरगावातला नवाकाळ घ्या, १९२३ ला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी काढला, तेच नाटकवाले, आधी केसरीत होते. राजद्रोहाच्या केसमध्ये जेलात पण गेले, पेपर अजून चालू आहे. आमचे आजोबा अग्रलेख मोठ्याने वाचायचे आणि आजी आतून ओरडायची, आधी दूध उतू जातंय ते बघा.

गिरगावकर_बंड्या: ताई 😂 आणि जहाजांचं भारीच. काकींचा मुलगा अजून तिथेच राहतो, रविवारी जाऊन विचारतो अजून घेतात का.